पाण्यावरचा उजेड, पाण्यातला उजेड

शिंप्यानं बाही आखूड शिवली तर गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानाच्या फळीवर येऊन बसतं. वाण्यानं डाळीत खडे घातले तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उद्धार होतो. एक मास्तरकीचाच धंदा असा, की त्यात चुकीचा माल खपवला तरी गिऱ्हाईक तो घरी नेऊन पाठ करतं, परीक्षेत जसाच्या तसा लिहून देतं, आणि वर आपणच त्याला मार्क देतो! हा धंदा मी गिरगावातल्या एका शाळेत एकतीस वर्षं केला. गणित आणि विज्ञान, इयत्ता आठवी ते दहावी. या एकतीस वर्षांत ‘समुद्र निळा का दिसतो?’ या प्रश्नाला ‘आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून’ हे उत्तर मी किती वह्यांत बरोबर म्हणून सोडून दिलं असेल, त्याची गणती माझी मलाच नाही.

तक्रार फक्त एकदा आली. साल १९९४. आठवी ब. मालवणहून आत्याकडे शिकायला आलेली एक मुलगी, खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, एकाएकी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे वर आभाळ निळंच असतं आणि खाली पाणी कधी हिरवं असतं, कधी चहासारखं. मग प्रतिबिंब कुठे जातं?”

खरं म्हणजे या प्रश्नावर मास्तरानं हातातला खडू खाली ठेवायला हवा होता. पण तास संपायला सात मिनिटं उरली होती आणि पोर्शन राहिला होता. “पुस्तकात काय दिलंय? मोठ्यानं वाच,” मी म्हणालो. तिनं वाचलं. वर्ग हसला. “बस खाली.” ती बसली. पुढे वर्षभर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. जुन्या कोटाच्या खिशात राहिलेल्या बसच्या तिकिटासारखा तो अधूनमधून हाताला लागायचा.

गेल्या जानेवारीत फोन वाजला. “सर, मी आठवी ब. चहासारखं पाणी. ओळखलंत?”

ओळखलं नाही तर काय! ती आता गोव्यात समुद्रविज्ञानाचं काम करते. नेमकं काम विचारलं तर म्हणाली, “समुद्राचा रंग.” मी गप्प. “फेब्रुवारीअखेर मालवणला घरी आहे, सर. बाबाही आहेत. या तुम्ही. तुमचं उत्तर तपासून बघू.”

मी कचरत होतो. आमच्या सौ. म्हणाल्या, “एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. एकदा आपली तपासून घ्यायला काय होतं?” आणि त्यांनी माझी बॅग भरायला घेतली. वाद मिटला.

रिकाम्या हातानं परीक्षेला जाऊ नये म्हणून मी थोडा अभ्यास केला. तो करताना कळलं, की या सगळ्या प्रकरणाचं मूळ ‘ध्रुवित प्रकाश’ नावाच्या वस्तूत आहे. हल्ली ‘ध्रुवीकरण’ म्हटलं की माणसं मतदारसंघाची गोष्ट करू लागतात. पण प्रकाशाचं ध्रुवीकरण त्याहून पुष्कळ निरुपद्रवी आहे. प्रकाश ही लाट आहे, आणि ती पुढे जाताना आपल्या वाटेला काटकोन करून थरथरते. सूर्याच्या उजेडात ही थरथर सगळ्या दिशांनी असते: उभी, आडवी, तिरपी. पण तोच उजेड पाण्यावर आपटून उसळला, की त्यात आडवी थरथर जास्त उरते. आता चाळीतल्या खिडकीचे उभे गज डोळ्यांपुढे आणा. ताट उभं धरलं तर गजांमधून पलीकडे जातं. आडवं धरलं तर अडतं. पोलरॉइडची काच म्हणजे असे अतिसूक्ष्म गज असलेली खिडकी. ती एका बाजूनं धरली तर पाण्यावरून उसळलेला उजेड आत येतो. पाव फेरा फिरवली की तोच उजेड बाहेर अडकून राहतो.

ही गंमत पहिल्यांदा लक्षात आली पॅरिसमध्ये, १८०८ साली. मालुस नावाचा फ्रेंच इंजिनिअर आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून पाहत बसला होता. स्फटिकातून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. त्यानं तो सहज फिरवला, आणि दोहोंपैकी एक प्रतिमा विझली! पुढे १८१५ साली स्कॉटलंडच्या ब्रूस्टरनं नियम बसवला, की कोणत्या कोनात उसळलेला प्रकाश पूर्णपणे आडवा होतो. पाण्यासाठी तो कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश. म्हणजे सरळ खाली नव्हे, अगदी क्षितिजाकडेही नव्हे. होडीत बसून चार हातांवरच्या पाण्याकडे सहज बघावं, तितकी तिरकी नजर.

एका जुन्या कॅमेऱ्याची ध्रुवण-काच चोरबाजारातून मिळाली. शिवाय सौ.नी चष्मेवाल्याकडून उन्हाचा पोलरॉइड चष्मा आणवला होता. कोकणातलं ऊन डोळ्यांना लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. त्या चष्म्याचं पुढे काय झालं ते सांगेनच.

काच हाती आल्यावर घरी बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट अपोलो बंदर गाठलं. कबुतरं, फोटोग्राफर आणि फुगेवाले यांच्यामधून वाट काढत कठड्याशी गेलो आणि ती काच डोळ्याला लावून पाण्याकडे पाहत फिरवू लागलो. एका फोटोग्राफरनं माझ्याकडे व्यावसायिक संशयानं पाहिलं. काच एका जागी आली आणि पाण्यावरची सगळी रुपेरी झिलई कुणी फडक्यानं पुसून घ्यावी तशी गेली. खाली काय उरलं? गढूळ, करडं, खाडीच्या चिखलाचं पाणी. आकाश स्वच्छ निळं होतं. पण त्याचा पाण्यातल्या रंगाशी काही संबंध नव्हता. आठवी ब बरोबर होती!

माझ्या आधी याच बंदरात हाच प्रकार एका थोर माणसानं पुरा केला होता. १९२१ च्या उन्हाळ्यात कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन पहिल्यांदाच विलायतेला गेले. परतताना ते ‘नारकुंडा’ या आगबोटीवर होते. वय तेहतिशीच्या आत. इतर उतारू डेकवर खुर्च्या टाकून गप्पा मारत असतील, पत्ते खेळत असतील. हे गृहस्थ भूमध्य समुद्राचं गडद निळं पाणी पाहत होते. त्या काळी लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण मानलं जाई, की खोल समुद्राचा तो वाखाणलेला निळा रंग पाण्याचा नव्हेच. ते आकाशाच्या निळाईचं प्रतिबिंब. म्हणजे माझंच उत्तर. चूक करावी ती थोरांच्या पंक्तीला बसून!

रामन यांच्या खिशात एक निकोल प्रिझम होता. पोलरॉइडचा पापुद्रा निघायला अजून काही वर्षं अवकाश होता. तो एडविन लँड या अमेरिकन तरुणानं १९२९ च्या सुमारास काढला. रामन यांनी ब्रूस्टरच्या कोनात पाण्याकडे पाहिलं, प्रिझम फिरवून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब विझवलं आणि वाट पाहिली. रॅले म्हणतात तसं असेल तर प्रतिबिंबाबरोबर निळाईही जायला हवी. ती गेली नाही. उलट अधिकच खुलली! निळा रंग खालून, पाण्याच्या पोटातून येत होता.

या निरीक्षणावरचं त्यांचं टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात छापलं गेलं. त्याखाली स्थळ आहे ‘मुंबई बंदर’ आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. गेट वे ऑफ इंडिया तेव्हा अजून पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. ते झालं १९२४ साली. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हे सूत्र धरून रामन पुढे चालत राहिले. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना तो शोध लागला, ज्यावर १९३० चं नोबेल पारितोषिक मिळालं. एवढा मोठा वृक्ष. त्याचं एक मूळ आमच्या बंदरात आहे, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या शाळेत मी एकतीस वर्षं ‘प्रतिबिंब’ शिकवत होतो!

मांडवी एक्स्प्रेसनं सकाळी निघालो. कोकण रेल्वेनं प्रवास करणाऱ्याचं मन कधी एकाग्र होत नाही. जरा विचार जमतो न जमतो तोच बोगदा येतो, आणि बोगदा संपला की बटाटेवडा. संध्याकाळी कुडाळला उतरलो. मुलगी स्कूटर घेऊन आली होती. कानशिलाचे केस पिकू लागलेल्या बाईला ‘मुलगी’ म्हणणं बरं नव्हे. पण मास्तरांच्या डोळ्यांना विद्यार्थ्यांची वयं मोजता येत नाहीत. तिनं वाकून नमस्कार केला. मी जे बोलायचं म्हणून सबंध वाटभर जुळवत आलो होतो, ते घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. “प्रवास छान झाला,” एवढंच म्हणालो.

घर मालवणच्या किनाऱ्याला लागूनच. अंगणात जाळी वाळत घातलेली. तांडेल, म्हणजे तिचे वडील, ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला, काळाकभिन्न, सुकवलेल्या लाकडासारखा माणूस. पण माझ्याकडे बघताना त्यांनी मान जरा तिरकी केली. मला कारण नंतर कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पन्नास वर्षं होडी हाकलेल्या माणसानं दोन वर्षांपूर्वी सुकाणू पुतण्याच्या हाती दिलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर: “शिमगो जावंदे, मगे बघूया.”

“किती शिमगे गेले, सर!” मुलगी हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला होडी सुटली. पुतण्या, मुलगी, मी आणि “सोबतीक येतंय” म्हणून तांडेल. मतलई वारा मागून येत होता आणि पाणी घडी मोडल्याशिवाय पसरलेल्या चादरीसारखं शांत होतं. उजाडता उजाडता सिंधुदुर्गाचा तट काळोखातून वेगळा झाला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तो भोवतीच्या खडकांचा हिशेब करूनच. पाण्याखाली दडलेल्या त्या खडकांतून वाट काढायची तर ती ओळखीच्या तांडेलालाच सापडावी. परक्याच्या गलबतानं तिथेच बसावं.

तासा-दीड तासानं बरेच बाहेर गेल्यावर पुतण्यानं मशीन बंद केलं. मुलीनं दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी पाण्यात सोडली. “ही युक्ती १८६५ सालची, सर. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याची. थाळी दिसेनाशी होईपर्यंत दोरी सोडायची आणि मोजायची. पाणी किती नितळ ते कळतं.” अडीच वाव दोरी गेली आणि थाळी हिरव्या धुक्यात विरली.

“आता काढा तुमची काच.”

मी कडेला टेकलो, चार हातांवरच्या पाण्यावर नजर ठेवली आणि काच फिरवली. मुंबईला पाहिलंच होतं, तरी छातीत धस्स झालं. वरचं फिक्या आभाळाचं पटल निघून गेलं आणि खाली खोल, जिवंत, हिरवट निळं पाणी उघडं पडलं. एखाद्या बंद घराचं दार कुणी आतून उघडावं तसं. काच आणखी फिरवली; दार बंद. पुन्हा फिरवली, उघडं. त्या दहा मिनिटांत मी साठीपार गेलेला गृहस्थ नव्हतो.

“निळा कुठून आला, सर?” तिनं विचारलं. मास्तरांची परीक्षा सुरू झाली होती.

“पाण्याचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. शिवाय पाणी तांबडा प्रकाश गिळतं. गिळून उरतो तो निळा.”

“आणि हिरवा?”

मी गप्प. उत्तर तांडेलांनी दिलं. ते डोळे मिटून बसले होते. “मास्तरानू, पाण्याचो रंग नुसतो रंग नाय. पाणी काय जेवलां, ता रंगात दिसता.”

मुलगी हसली. “माझ्या प्रबंधाची पहिली पन्नास पानं बाबा अशी एका वाक्यात सांगतात!” मग तिनं उलगडून सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. सगळ्या मासळीचं अन्न शेवटी त्यांच्यावर उभं. त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खातं आणि पाणी हिरवं दिसतं. पण नदीनं आणलेला गाळही पाण्याचा रंग बदलतो. नुसत्या रंगावरून वनस्पती किती आणि गाळ किती, हे किनाऱ्याजवळ सांगणं मोठं कठीण. डोळा फसतो, तसाच उपग्रहही फसतो.

“मग तुमचा ध्रुवित प्रकाश इथे काय करतो?”

तिनं एक छोटा कॅमेरा पुढे केला. माझ्या काचेत एकाच दिशेचे गज; त्याच्या आत चार दिशांचे, एकाच वेळी. “पाण्यात शिरलेला उजेड कणांवर आपटून परत वर येतो, सर. एकदाच आपटून, काटकोनात वळून आला, तर त्याची थरथर बरीचशी एका रांगेत असते. गाळ वाढला की तो एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपटत येतो, आणि दर टकरीला रांग मोडत जाते. शाळा सुटल्यावर जिन्यातली रांग मोडते ना, तशी! तेव्हा रांग किती शिल्लक आहे ते मोजलं, की पाणी उजेड किती विखुरतं आणि किती गिळतं, या दोघांचा वाटा समजायला मदत होते. शिवाय वनस्पतीची पेशी जवळजवळ पाण्यासारखीच मऊ. प्रकाश तिच्यातून फारसा न वळता जातो. वाळू-मातीचा कण टणक. तो प्रकाशाला जोरानं ढकलतो. ही मऊ-टणक ओळख रंगात दिसत नाही, थरथरीत दिसते.”

मी वहीत लिहून घेत होतो. आठवी ब सांगत होती आणि मास्तर लिहीत होते.

नऊ-साडेनऊला परत फिरलो, आणि इथे प्रसंग आला. सकाळचं ऊन आता किनाऱ्याच्या बाजूनं थेट तोंडावर येत होतं. सगळा समुद्र वितळलेल्या शिशासारखा भगभगत होता. पुतण्या एका हातानं डोळे झाकत होता. खडकांची ओळ जवळ येत होती. तांडेल ताठ बसले होते; पण त्यांचे हात मांडीवर चाचपडत होते. मुलगी माझ्या कानात म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी असंच झालं, सर. याच वेळेला, याच उन्हात. होडी खडकाला घासली. कुणाला लागलं नाही. पण बाबांनी त्या दिवसापासून सुकाणू सोडलं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला ही झळाळी दुप्पट लागते. ते म्हणतात, दर्यानं तोंड फिरवलं.”

माझ्या नाकावर सौ.नी दिलेला चष्मा होता. मला तर समोरचं पाणी शांत, गडद हिरवं दिसत होतं! मग डोक्यात उजेड पडला. सूर्य क्षितिजापासून पस्तीसेक अंशांवर आलेला. म्हणजे समोरच्या पाण्यावरून उसळणारी झळाळी जवळजवळ नेमक्या ब्रूस्टरच्या कोनातली. ती पुरती आडवी. आणि चष्म्याचे गज उभे. मी तो काढला आणि तांडेलांपुढे धरला.

“ह्यो माका कित्याक?” ते म्हणाले. “पाणी बघूक चष्मो लागता तो शहरातल्या माणसाक.”

“बाबा, घाला.” मुलीचा आवाज मास्तरणीचा होता.

त्यांनी घातला. पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत. मान तिरकी होती ती हळूहळू सरळ झाली. मग ते अर्धवट उठले, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वांयच डावीकडे घे रे. खडप दिसता.” थोड्या वेळानं पुन्हा, लहान मुलासारखं, “खडप दिसता गो बाय!”

होडी खडकांमधून सुखरूप आत आली. चष्मा मी परत मागितला नाही. मागितला असता तरी मिळाला असता, असं वाटत नाही.

दुपारी जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिसऱ्या वाटीला मुलगी घड्याळाकडे पाहून म्हणाली, “आता वरून जात असेल, सर.” मी दचकून वर पाहिलं. कौलं होती.

वरून जात होता तो ‘पेस’ नावाचा उपग्रह. अमेरिकेच्या ‘नासा’नं ८ फेब्रुवारी २०२४ ला सोडलेला. ६७६ किलोमीटर उंचीवरून तो फिरतो आणि स्थानिक वेळेप्रमाणे दुपारी एकच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्यावर तीन उपकरणं आहेत. एक समुद्राचा रंग बारकाईनं मोजतं. उरलेली दोन ध्रुवित प्रकाश मोजतात: ‘हार्प-२’ हे मेरीलँडमधल्या विद्यापीठानं केलेलं, आणि ‘स्पेक्सवन’ हे हॉलंडचं. त्यांची तऱ्हा अशी, की पाण्याच्या एकाच तुकड्याकडे ती येताना, डोक्यावरून आणि जाताना, निरनिराळ्या कोनांतून बघतात. स्पेक्सवन पाच कोनांतून. हार्प-२ एका रंगात तर साठ कोनांतून! मुलगी बघायला गेलेली वडीलधारी मंडळीही एवढी पारख करत नाहीत.

“पण एवढे कोन कशाला?”

“कारण उपग्रहाला समुद्र दिसतच नाही, सर. म्हणजे फार थोडा दिसतो. वर पोचलेल्या उजेडाचे दहा वाटे केले तर साधारण नऊ हवेचे, एखादाच पाण्याचा. हवेत धूळ, धूर, मिठाचे कण. ते किती आणि कसले, हे ठाऊक असल्याशिवाय नऊ वाटे वजा कसे करायचे? वजाबाकी जराशी चुकली की समुद्र सबंध चुकला. ही कणांची ओळख ध्रुवित प्रकाश फार चांगली पटवतो. त्याचं पहिलं काम तेच, हवा पुसणं. पाण्यातल्या कणांची ओळख हे दुसरं आणि अवघड काम. पाण्याकडून येणारी खूण वर पोचेपर्यंत फार क्षीण होते. आम्ही तिथे अजून शिकतोय.”

शिकणं सोपं नव्हतंच. असं पहिलं फ्रेंच उपकरण, ‘पोल्डर’, ऑगस्ट १९९६ मध्ये जपानी उपग्रहावर बसून वर गेलं. जून १९९७ मध्ये त्या उपग्रहाचा सौरपंखा निकामी झाला. त्याचं दुसरं भावंड डिसेंबर २००२ मध्ये गेलं आणि वर्षभराच्या आत तेही मुकं झालं. तिसरं, ‘पॅरासोल’ नावाच्या उपग्रहावरचं, मात्र २००४ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत टिकलं. आपल्याकडे समुद्राचा रंग मोजणारा ओशनसॅट उपग्रह २६ मे १९९९ ला श्रीहरिकोट्याहून सुटला, आणि त्याच्या घराण्यातला तिसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान पाहून मासळी कुठे मिळण्याजोगी आहे याची सूचना हैदराबादेच्या संस्थेतून किनाऱ्याकिनाऱ्यावर येते. पुतण्या ती मोबाइलवर बघतो.

“आणि तुम्ही?” मी तांडेलांना विचारलं.

“मी पण बघतंय,” ते म्हणाले. “मगे दर्याक इचारतंय. दोघांचा जुळला तर जातंय.”

संध्याकाळी मुलगी आणि मी धक्क्यावर जाऊन बसलो. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला समजत होतं. मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुला खाली बसवलं. वर्ग हसला. माझं उत्तर चुकलं होतं आणि तुझा प्रश्न बरोबर होता. हे सांगायला मला तीस वर्षं लागली.”

ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. “राग आला होता, सर. फार. त्या सुट्टीत घरी आल्यावर बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, उत्तर पुस्तकात नसेल तर पाण्यात असेल. तेव्हापासून पाण्यात शोधतेय.” मग तिनं क्षितिजाकडे बोट दाखवलं. “पण तुमचं उत्तर अगदीच चुकीचं नाही. ते लांबचं पाणी बघा. तिथे आपली नजर इतकी तिरपी पडते, की पाणी आरसाच होतं. तिथला रंग बराचसा आकाशाचाच. आणि हे पायाखालचं बघा. सरळ खाली पाहिलं की पृष्ठभाग शंभरातला दोन भाग उजेड परत फेकतो. बाकी जे दिसतं ते पाण्याचं. तुम्ही लांबच्या पाण्याबद्दल सांगत होता, मी होडीच्या कडेच्या पाण्याबद्दल विचारत होते.”

“म्हणजे मार्क किती?”

“अर्धा द्यायला हरकत नाही,” ती म्हणाली, आणि तीस वर्षांपूर्वीची आठवी ब मोकळेपणी हसली. या खेपेला मीही हसलो.

मी मुंबईला परतलो. शिमगा गेला, पाडवा गेला, पाऊस लागून मासेमारी बंद झाली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात फोन वाजला. पलीकडे तांडेल.

“मास्तरानू, दोनय डोळे करून घेतले! दर्यो निळो झालो हो! माका वाटला होता, तो हिरवोच असतलो.”

मी गोंधळलो. फोन मुलीनं घेतला. “मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडत जातं, सर. ते निळा उजेड गिळतं. ते काढलं, आणि बाबांना कित्येक वर्षांनी निळा रंग पुरता दिसतोय. सकाळपासून धक्क्यावर बसून आहेत. जेवायलाही येत नाहीत.”

म्हणजे एका मार्काच्या त्या प्रश्नात आकाश आहे, पाणी आहे, पाण्याचं जेवण आहे आणि बघणाऱ्याचा डोळाही आहे. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं आहे. या दिवाळीला माझा नातू सुट्टीवर येतो आहे. यंदा तो आठवीत आहे. त्याला घेऊन काच खिशात टाकून चौपाटीवर जायचं ठरवलं आहे. त्यानं काही विचारलं तर हातातला खडू खाली ठेवायचा; तास संपायला सात मिनिटं उरली असली तरी.